उजेडाकडे धरलेला कागद

वाचक विचारतात, बाइंडरकाका सांगतात

मागच्या अंकात देवस्थानच्या जुन्या कीर्द-खतावण्या कशा शिवाव्यात ते लिहिताना एक वाक्य हातून सहज गेलं : ‘कागदाचं माहेर नदी.’ संपादक म्हणाले, असू दे. राहिलं, आणि आता मी भोगतो आहे. पत्रांचा गठ्ठा आला. सगळ्यांचा रोख एकच, की कागदाचा आणि नदीचा संबंध काय? फोंड्याच्या बाजारात ३८ वर्षं मी पुस्तकं बांधली. मास्तर नाही, बाइंडर आहे. कागद नखाखालून गेलाय, तेवढ्या अधिकारात सांगतो.

डिचोलीहून एक शिक्षिका लिहितात : आजेसासऱ्यांच्या पेटीत पोर्तुगीज अमदानीतले जमिनीचे कागद सापडले. एक ताव कोराच आहे. तो खिडकीशी धरला तर आत रोमी अक्षरं दिसतात, अर्ध्या तावावर ‘जिओर मान्यानी’ आणि दुसऱ्या अर्ध्यावर ‘अल मास्सो’. शाईची नाहीत, छापलेलीही नाहीत. हे काय आहे? हा कागद गोव्यातच झाला असेल का?

बाई, तुमच्या पेटीत इटलीतली एक नदी आहे.

ती अक्षरं कुणी नंतर घातलेली नाहीत, कागद जन्मला तेव्हाचीच आहेत. हातकागद काढायचा साचा म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणलेली पितळी तारांची चाळण. त्या चाळणीवर तारेचीच अक्षरं वळवून टाके घालून बसवत. साचा लगद्याच्या हौदात बुडवून वर उचलला की पाणी गळून जातं आणि लगदा चाळणीवर बसतो. तारेच्या उंचवट्यावर तो जरा पातळ बसतो. तेवढा पातळपणा उजेडाला दिसतो, बाकी काही जादू नाही. याला जलचिन्ह म्हणतात. ही युक्ती इटलीतल्या फाब्रियानो गावात १२८२ च्या सुमारास निघाली.

ताव पुन्हा एकदा खिडकीशी धरा. अक्षरांखेरीज बारीक रेघा दिसतील, केसासारख्या, एकमेकींना खेटून. त्यांना आडव्या जाणाऱ्या काही ठळक रेघा, साधारण अंगठ्याएवढ्या अंतरावर. त्या चाळणीच्या तारा. मी दुकानात कागद हातात आला की आधी हे बघायचो आणि मग मजकूर, त्यामुळे गिऱ्हाइकं वैतागत.

मान्यानी हे टस्कनीतल्या पेश्शा गावचं कागदवाल्यांचं घराणं. गावातून वाहणाऱ्या नदीचं नावही पेश्शाच, आणि गिरण्या तिच्याच काठावर. ‘अल मास्सो’ हे त्यांच्या एका गिरणीचं नाव, ती अक्षरं पोर्तुगाल-ब्राझीलच्या जुन्या दफ्तरांत पुष्कळ भेटतात. पोर्तुगालात स्वतःच्या गिरण्या होत्या, पण त्यांच्याने भागत नसे. इटलीचा माल कायम येत राहिला. त्याच्याही आधीच्या काळात जेनोव्हाकडच्या कागदाचा दबदबा होता, त्यावर एकाखाली एक तीन वर्तुळं असत. पेटीत आणखी जुने ताव असतील तर ती वर्तुळं शोधा.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. इंग्लंडात १७९४ साली असा कायदा झाला, की निर्यातीच्या कागदावरची जकात परत हवी असेल तर जलचिन्हात साल घाला. त्यामुळे त्यानंतरच्या पुष्कळ इंग्रजी कागदांच्या पोटात साल असतं. एकदा एक गृहस्थ एक ‘फार जुना’ करार शिवून घ्यायला आले. भावाभावांचा वाद चालू होता. करारावर तारीख होती १७८०च्या आसपासची. मी सवयीने दिव्याकडे धरला, तर आत १८०९. कागद जन्मायच्या आधी कुणी त्यावर लिहीत नाही. मी काही बोललो नाही. ‘हा माझ्याने शिवणार नाही’ म्हटलं आणि परत दिला. त्यांनीही कारण विचारलं नाही.

म्हापशाहून एक निवृत्त पोस्टमन : मुलगा पोर्तुगालात कामाला आहे. त्याच्याकडे गेलो असता लैरिया गावात नदीवर एक जुनी कागदाची गिरणी दाखवली. गिरणी कसली, घरच. पाण्याच्या चाकावर कागद कसा होतो ते तिथल्या बाईने सांगितलं, पण भाषा कळली नाही. तुम्ही सांगा.

भाऊ, नशीबवान आहात. मी आयुष्यभर जिच्याबद्दल वाचलं ती तुम्ही बघून आलात आणि वर विचारताय मला!

ती लीस नदी. १४११ साली राजा पहिला जॉन याने गोन्सालू लोरेन्सू द गोमीद या आपल्या दरबारी माणसाला तिथे चाकं बसवायची सनद दिली. त्या सनदेत लोखंड कुटणं, लाकूड कापणं, घोंगडी मळणं आणि कागद करणं ही चार कामं एका दमात येतात. मला हे फार आवडतं. पाणी चाक फिरवणार, चाकाने पुढे काय कुटायचं ते तुम्ही ठरवा. पोर्तुगालातली कागदाची ही सर्वांत जुनी ठाऊक असलेली गिरणी. आल्वारू सिझा या नामांकित वास्तुकाराने ती दुरुस्त केली आणि २००९ पासून ती लोकांना बघायला खुली आहे. याच लैरियात १४९६ साली ज्योतिर्विद अब्राहाम झकूतूची, दर्यावर्दींना वाट काढायला उपयोगी पडणारी ग्रहगणिताची कोष्टकं छापली गेली, आणि पुढच्याच वर्षी वास्को द गामा आपल्याकडे यायला निघाला.

आता आतलं काम. तुमच्या घरी उखळ-मुसळ होतं ना? तेच समजा, पण मुसळं रांगेने मांडलेली आणि ती उचलणारी बाई म्हणजे नदी. बाहेर चाक फिरतं, त्याचा जाडजूड आडवा दांडा घरात येतो. दांड्याला खुंट्या असतात. दांडा फिरला की खुंटी मुसळाची शेपटी दाबते, मुसळाचं डोकं वर जातं, खुंटी सुटली की धाडकन खाली. खाली कुंडीत भिजलेल्या चिंध्या. मुसळाच्या तोंडाला लोखंडी खिळे, पहिल्या कुंडीत धारदार, पुढच्या कुंड्यांत बोथट होत जाणारे. म्हणजे आधी फाडायचं, मग कुटायचं, शेवटी नुसतं चेचायचं. हे रात्रंदिवस चाले. गावाला झोप कशी येत असेल, असा मला नेहमी प्रश्न पडतो. बहुधा तो आवाज थांबला की जाग येत असेल.

चिंध्या म्हणजे मुख्यतः जवसाच्या धाग्याचं जुनं कापड : सदरे, चादरी, शिडांचे तुकडे. निवडायचं काम बायकांकडे. टेबलाला उभं पातं बसवलेलं असे, धार बाहेरच्या बाजूला, आपल्या आदोळीसारखं, म्हणजे विळीसारखं. त्यावर कापड ओढून शिवणी उसवायच्या, गुंड्या कापायच्या, तुकडे करायचे. मग ते तुकडे ओले करून ढिगात आठवडेच्या आठवडे कुजू द्यायचे. वास काय येत असेल त्याची कल्पना करा. कुजलं की धागा मऊ पडतो आणि मुसळाला सोपा जातो.

हौदापाशी तिघं. पहिला साचा बुडवून उचलतो आणि एक हिसका देतो, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, म्हणजे धागे एकमेकांत गुंततात. सगळी कला त्या हिसक्यात. दुसरा ओला ताव लोकरीच्या नमद्यावर उलटवतो. नमदा, ताव, नमदा, ताव अशी चळत झाली की सगळे मिळून स्क्रूच्या दाबयंत्राखाली पिळतात. तिसरा ताव सुटे करतो. मग माळ्यावर दोऱ्यांवर वाळत. म्हणून या गिरण्यांच्या वरच्या मजल्याला भिंतीऐवजी फळ्यांच्या झडपाच झडपा असतात, वारा हवा तेवढाच आत घ्यायला. वाळलेले ताव कातडी-खुरांच्या सरसात बुडवून पुन्हा वाळवायचे, नाहीतर शाई पसरते.

ही विद्या लोक जिवापाड लपवत. जर्मनीत न्यूर्नबर्गला पेग्नित्झ नदीवर उल्मान श्ट्रोमर या व्यापाऱ्याने १३९० मध्ये गिरणी काढली, दोन चाकं आणि १८ मुसळं. कामगारांकडून त्याने शपथा घेतल्या, की हे काम दुसऱ्या कुणासाठी करणार नाही. इटलीहून आणलेले कारागीर अडून बसले, तेव्हा त्यांना बुरुजात कोंडून ठेवलं आणि चार दिवसांत ते वठणीवर आले. हे सगळं त्याने स्वतःच आपल्या वहीत टिपून ठेवलंय, अगदी हिशेब लिहावा तसं. लिहिलं कशावर, तर कागदावर!

फोंड्याचा एक कॉलेजविद्यार्थी : काका, भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला असं शिकवतात. मग कागदाची गिरणी का ऐकिवात नाही? मांडवी, झुआरी, खांडेपार, वाळवंटी, नद्यांना तर तोटा नाही.

बाळा, या प्रश्नावर मी स्वतः डोकं फोडून घेतलंय.

छापखाना आला तो खरं तर आपल्यासाठी नव्हताच. १५५६ मध्ये लिस्बनहून निघालेल्या जेझुइटांबरोबर तो ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचा होता. गोव्यात अडकला आणि ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात बसला. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं, तुझ्या-माझ्या मराठीत, पण रोमी लिपीत. यंत्र आलं, खिळे आले, माणसं आली. कागद मात्र गलबतातून येत राहिला.

कारणं म्हणशील तर हा माझा हिशेब आहे, पटला तर घे. कागदाच्या गिरणीला नदी दोनदा लागते, एकदा चाकाला आणि एकदा हौदाला. चाकाला बारमाही उतार हवा. आपल्या नद्या घाटाखाली उतरल्या की सपाट होतात आणि समुद्र त्यांच्या पोटात शिरतो. भरतीचं खारं पाणी किती आत येतं ते खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेताच्या, कुठल्याही शेतकऱ्याला विचार; खारं पाणी अडवणारी मानशीची दारं उगाच नाही लावलेली. वर सत्तरी तालुक्यात गोडं पाणी आहे, उतारही आहे. पण पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तो बहुतेक चार महिन्यांत. जूनमध्ये चाकच वाहून जाईल, एप्रिलमध्ये चाकाखाली खेकडे फिरतील.

दुसरं म्हणजे हौदाचं पाणी. ते नितळ हवंच, पण त्यात लोहही नको. आणि आपण बसलोय जांभ्या दगडावर! पहिल्या पावसात म्हादई कशी तांबडी होते ते बघितलं असशीलच. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचविसेक वर्षांपूर्वी हट्टाने घरी कागद करून बघितला. जुन्या पंचांचे तुकडे चुन्यात भिजवले, कुटले, बायकोचा मिक्सर बिघडवला, आणि खिडकीच्या जाळीचा साचा करून ताव काढले. काही बोअरिंगच्या पाण्यात, काही पावसाचं पाणी धरून त्यात. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच पांढरे. महिन्याभरात बोअरिंगच्या तावांवर तांबूस ठिपके उठले, म्हाताऱ्याच्या हातावर उठतात तसे. पावसाच्या पाण्याचे अजून पांढरे आहेत. दुकानात ये, दाखवतो.

तिसरं, चिंध्या. आपल्याकडे जुनं सुती कापड फुकट जात नाही. वाकळ होते, वाती होतात, शेवटी पोतेरं होतं. कागदवाल्याच्या हाती काय उरणार? आणि चौथं म्हणजे सवय. दरवर्षी आरमाराबरोबर कागद येतोय, मग इथे कोण खटपट करतो! पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे खंड आहेत, त्यांना ‘मॉन्सूनची पुस्तकं’च म्हणतात, कारण जहाजं वाऱ्यावर ये-जा करत. हे दफ्तर १५९५ पासूनचं, पहिला राखणदार इतिहासकार दियोगू दु कोतू. इथला कारभार इथे लिहिला, पण पान परदेशी नदीचं.

पेडण्याहून एक शेतकरी : आमच्या घरी मोडी कागद आहेत. ते चकचकीत, पिवळसर, उजेडाकडे धरले तर अक्षरं-बिक्षरं काही नाहीत. हाही परदेशी का?

नाही, हा घाटावरचा दिसतो. देशावर कागद होत होता आणि उत्तम होत होता : जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, नाशकात. पेशव्यांनी जुन्नरचे कागदी पुण्यात आणून वसवले. कसबा पेठेत, मुठेच्या काठाला, तो भाग अजून कागदीपुरा म्हणूनच ओळखला जातो. वस्ती नदीला लागून का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

पण तिथे चाक नव्हतं. जुनं तरट, दोर, गोणपाट चुन्यात भिजवून पायाने दाबायच्या ढेंकीखाली कुटायचं. लगदा फडक्यात बांधायचा, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नदीत हलवत राहायचं, चुना निघून जाईपर्यंत. साच्याची चाळण तारेची नाही, गवताच्या काड्यांची, म्हणून चिन्ह नाही. ओले ताव गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीला चिकटवून वाळवायचे, भाताची खळ लावायची आणि दगडाने घोटायचे. तुम्हाला दिसते ती चकाकी घोटण्याची. बोरू खरखरीत कागदावर अडतो. मोडीचा हात पळता राहायला घोटीव कागदच लागतो. तव्यावर तूप लावल्यासारखा.

पुढे मुंढव्याला मुळा-मुठेच्या काठी १८८० च्या दशकात यंत्राची गिरणी निघाली आणि हातकागद मागे पडला. गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली, म्हणून ती विद्या पूर्ण बुडाली नाही. मी १९७९ साली पुण्याला गेलो होतो तेव्हा साचा पहिल्यांदा हातात धरला. माझा पहिला ताव एका कोपऱ्यात पुठ्ठा आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाळी असा झाला.

काणकोणहून : कर्नाटकातल्या दांडेलीच्या कागदगिरणीला बांबूच का लागायचा?

कारण धागा लांब आणि वाढ झटपट. देशी बांबूच्या कागदाला आधार म्हणून इंग्रज सरकारने १९२५ मध्ये आयात कागदावर संरक्षक जकातीचा कायदा केला होता. दांडेलीला काळी नदी आणि बांबूचं रान दोन्ही हाताशी होतं. तिथली कंपनी १९५५ मध्ये निघाली. जागा नदी बघूनच ठरली, तुमच्या-माझ्या आजोबांच्या काळासारखीच.

मडगावहून एक आजी : माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचा कागद कापडासारखा मऊ आहे, आणि माझं १९६०च्या दशकातलं शाळेचं प्रमाणपत्र घडीवर मोडतंय. उलटं का झालं?

आजी, तुमचा काही दोष नाही. कागदाचं कुळ बदललं.

फ्रान्सात लुई-निकोला रोबेर याने १७९८ मध्ये अखंड पट्टा काढणारं यंत्र केलं. इंग्लंडात गेड नदीवरच्या फ्रॉगमोर गिरणीत १८०३ मध्ये तसं यंत्र चालू झालं. हिसका देणारा हात गेला. यंत्राची भूक चिंध्यांनी भागेना, म्हणून १८४० च्या दशकात जर्मनीत केलर याने लाकूड दगडावर घासून लगदा केला. त्यात लाकडातलं लिग्निन, म्हणजे धागे एकत्र धरून ठेवणारं द्रव्य, तसंच राहतं, ते उजेडाने पिवळं पडतं. वर्तमानपत्र दोन दिवस उन्हात ठेवून बघा. सरसाच्या जागी १८०७ पासून राळ आणि तुरटी आली. स्वस्त आणि सोपं, पण तुरटीने कागदात आंबटपणा राहतो आणि तो धागा आतून तोडत जातो. तुमचं प्रमाणपत्र घडीवर मोडतंय ते त्यामुळे. सासऱ्यांच्या आजोबांचा कागद चिंध्यांचा, लांब धाग्याचा, त्याला हे भोग नाहीत. त्याला शाईची भीती. माजूफळ आणि हिराकसाची काळी शाई असेल तर ती अक्षरापुरता कागद खाते. ओला कधी करू नका.

प्रमाणपत्राची घडी आता मोडूच नका, उलगडून सपाट ठेवा, धुतलेल्या मलमलमध्ये, पावसाळ्यात जमिनीलगतच्या कपाटात नको. लॅमिनेशन करू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. आणि सेलोटेप तर नकोच. धंद्याला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका बाईच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याला मागून टेप मारून मोठ्या ऐटीत दिला होता. दहा वर्षांनी ती परत आली. टेप सुटून गेली होती, तिच्या जागी तपकिरी पट्टा उरला होता आणि पट्ट्याखालचं बापाचं नाव पुसट झालं होतं. तिने पैसे परत मागितले नाहीत, नुसता दाखला समोर ठेवला.

तुमच्या प्रमाणपत्राला कुणी आधीच टेप लावली असेल तर ओढू नका. घेऊन या. दुकान आता पुतण्या चालवतो, पण सकाळी १० ते १२ मी गल्ल्यामागच्या खुर्चीवर असतो, मंगळवार सोडून.